साखळीचं स्टिअरिंग आणि सान आंतोनियोची कैद

सान आंतोनियो कोनाड्यात नव्हता.

एरलिंडाने मेणबत्ती खाली ठेवली, चष्मा एप्रनला पुसला आणि पुन्हा पाहिलं. सासूच्या सासूपासून तो वीतभर उंचीचा लाकडी संत तिथे उभा होता. निळा झगा, डोक्यावर टक्कल, हातावर बाळ येशू. आता त्याच्या जागी भिंतीवर काजळी न धरलेली एक उभी पांढरी खूण तेवढी उरली होती. हरवलेल्या वस्तू शोधून देणं हे ज्याचं काम, तोच हरवला होता. आणि परवा त्याचा सण.

हातातली जपमाळ तिने अर्ध्यावर सोडली नाही. दहा मण्यांचं दशक पूर्ण केलं, क्रूसाचं चुंबन घेतलं आणि मगच गॅरेजकडे निघाली. नवऱ्याशी भांडायला जाताना देवाची उधारी मागे ठेवू नये, असं तिची आई म्हणायची.

एलॉय गाडीत बसला होता. हल्ली रोज सकाळी तो कॉफी घेऊन असाच बसायचा. गाडीचं नाव ला सुफ्रिदा, म्हणजे सोशिक बाई. एकोणपन्नास सालची शेव्हरोले. छप्पर चार बोटं कापून खाली आणलेलं, पोट रस्त्याला टेकेल इतकी बुटकी, रंग पिकलेल्या मिरचीचा. बॉनेटवर काळजात सात खंजीर घेतलेली येशूची दुःखी माता. तिचा चेहरा चित्रकाराने एरलिंडाच्या विसाव्या वर्षाच्या फोटोवरून उचलला होता, आणि त्या पापाची कबुली एरलिंडा अजून दरवर्षी देत असे. चित्रकार देत नव्हता म्हणून. सगळं जागच्या जागी होतं. फक्त एलॉयच्या छातीसमोर, जिथे स्टिअरिंग असायला हवं, तिथे एक नागडा लोखंडी दांडा बाहेर आला होता.

"म्हाताऱ्या, सान आंतोनियो कुठाय?"

"आत."

"कशाच्या आत?"

"अवजारांच्या पेटीत. खाली डोकं, वर पाय." एलॉयने कॉफीचा घोट घेतला. "इतक्या मेणबत्त्या लावल्या त्याच्यापुढे. सापडलं स्टिअरिंग? म्हटलं, बस आता पान्यांच्या शेजारी."

"परवा त्याचा सण आहे रे!"

"मग त्यालाही घाई असेल. मला आहेच. परवाच नातीचं लग्न आहे."

"आणि बाळ? बाळालाही उलटं टांगलंस?"

"मी काय राक्षस आहे? बाळ डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. रुमालात गुंडाळून. स्टिअरिंग आणून दे, पोर घेऊन जा. सरळ व्यवहार."

"संताशी व्यवहार?"

"माझ्या आईची कोंबडी हरवली तेव्हा तिने त्याला पिठाच्या डब्यात घातलं होतं. संध्याकाळी कोंबडी हजर. आणि तू गं? बर्नाडेटचं लग्न जमत नव्हतं तेव्हा त्याचं तोंड भिंतीकडे कोणी फिरवलं होतं?"

"तोंड फिरवलं होतं. डोकं खाली नव्हतं केलं."

"पण जमलं ना?"

"जमलं. पुढे काय झालं ते बघ."

एलॉयने उरलेली कॉफी संपवली. लेकीच्या त्या घटस्फोटाबद्दल या घरात कोणीच जास्त बोलत नसे.

एरलिंडा दारात घुटमळली. "ज्याने गुन्हा केला त्याला शिक्षा दिलीस तर माझं काही म्हणणं नाही," ती अगदी हळू म्हणाली. "पण त्याने काही केलंच नसेल तर?"

"तेच तर. त्याने काही केलेलं नाही. म्हणूनच आत आहे."

ती स्वयंपाकघरात परतली आणि बीन्स निवडायला बसली. खडे दिसेनात. तिला माहीत होतं स्टिअरिंग कुठे आहे. तिनेच नेलं होतं.

ते स्टिअरिंग म्हणजे साधं चाक नव्हतं. एलॉयचे वडील अबेनिसिओ यांनी ते साखळीचं केलं होतं. एकेक कडी पुढच्या कडीला वेल्डिंगने जोडून घट्ट गोल, ताटलीपेक्षा थोडंसंच मोठं, वर क्रोमचा मुलामा. साखळी होती पाटाच्या फाटकाची. सगळं गाव चर्चमध्ये मिस्साला गेलेलं असताना अबेनिसिओंनी ती काढून आणली, आणि नंतर पाटकरी चोर शोधायला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर सगळ्यांत पुढे तेच होते. घरातलं प्रत्येक पोर एलॉयच्या मांडीवर बसून त्या साखळीला लोंबकळलं होतं. बर्नाडेट, ऑर्लान्डो, आणि परवा जिचं लग्न, ती बर्नाडेटची डेझीरे. तिला तर एलॉयने शब्दच दिला होता: तुला चर्चला मी नेणार, याच गाडीतून.

आणि मग उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून घेतल्यावर, एलॉयचा उजवा हात क्रूसाची खूण करायला वर आलाच नाही.

अर्धांगाच्या झटक्यानंतर इस्पितळातल्या त्या पहिल्या रात्री एरलिंडाने सांतो निन्योला नवस बोलला. त्यांच्या गावच्या छोट्या चॅपेलमधला हा बाळ येशू. डोक्यावर वाटसरूची टोपी, हातात टोपली. तो रात्री गावभर हिंडून आजाऱ्यांना भेटतो आणि त्यात त्याचे बूट झिजतात, म्हणून लोक त्याला नवे बूट आणून वाहतात. एरलिंडा बूट बोलली नाही. ती म्हणाली, "बाळा, याचा हात परत दे. त्या हाताने माझ्या हातापेक्षाही जास्त जे धरलंय, ते तुला आणून देईन." पुढे ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी एलॉयने त्याच हातात झावळी धरली. नवस फेडल्याचा गवगवा केला तर फळ नासतं, अशी तिची श्रद्धा. म्हणून तिने तो न बोलता फेडला.

आता एका संताचं देणं फेडलं म्हणून दुसरा संत तुरुंगात पडला होता.

* * *

फादर ओबिओरा नायजेरियाहून या डोंगरांत आले त्याला बरीच वर्षं झाली होती. जेवणात हिरवी मिरची कमी पडली तर आता तेच आधी कुरकुर करत. कबुली ऐकायला मात्र ते अजून नव्याच्या उत्साहाने बसत.

"फादर, मी चोरी केली," जाळीपलीकडून एरलिंडा म्हणाली.

"काय चोरलंत?"

"स्टिअरिंग."

फादरांची खुर्ची करकरली. "कोणाचं?"

"नवऱ्याचं."

"कशासाठी?"

"देवाला द्यायला."

मग तिने सगळं सांगितलं. फादर मधेच एकदा खोकले. ते हसू होतं की खोकला, हे जाळीतून कळायला मार्ग नव्हता.

"एरलिंडा, शेजाऱ्याची मेंढी तुम्ही देवाला वाहिलीत, तर देवाला ती कोणी दिली?"

"शेजाऱ्याने." तिला पुढचं उमजलं आणि तिने डोळे मिटले. "म्हणजे माझा नवस फिटलाच नाही?"

"नाही. दुसऱ्याची वस्तू नवसाला बोलता येत नाही. एलॉयना सांगा. त्यांनी मनापासून दिलं तर ते देवाचं. नाही दिलं तर घरी घेऊन जायचं."

"आणि हात परत गेला तर?"

"देव म्हणजे हप्ता चुकला की गाडी ओढून नेणारा बँकेचा माणूस नव्हे."

"तसं नाही फादर, पण..."

"हेच प्रायश्चित्त. सांगा. आजच."

"आज गुरुवार. गुरुवारी दुपारनंतर माझं मौन असतं."

"एरलिंडा."

"बरं. उद्या."

* * *

बर्नाडेटच्या मते आईचं गुरुवारचं मौन हा उपवास नव्हताच, ती युक्ती होती. ती नर्स होती. न बोलणाऱ्या माणसाचं दुखणं मोठं असतं, हे तिला ठाऊक होतं. शुक्रवारी ती लेकीच्या लग्नाची बिस्कोचितो बिस्किटं डब्यात भरायला आली तेव्हा आई बोलायला लागली होती, पण फक्त पिठाबद्दल.

अंगणात तिच्या भावाचा, ऑर्लान्डोचा पिकअप थांबला.

"दोन आणलीत!" तो उतरता उतरता ओरडला. "अल्बुकर्कीपासून खाली पार लास क्रूसेसपर्यंत फिरलो. हे बघा बाबा, अस्सल. याच सालचं, याच गाडीचं. कारखान्यातून निघालेलं."

"कारखान्याचं मी आणि माझ्या बापाने मिळून फेकून दिलं होतं," एलॉय म्हणाला. "तू परत आणलंस?"

"बाबा, मी सांगते ऐका," बर्नाडेट म्हणाली. "मी पांढरी लांब गाडी ठरवलीय. ड्रायव्हर टोपी घालून येतो. तुम्ही मागे बसा, ऐटीत."

"टोपीवाला? लग्नाला नेतेस की मला पुरायला?"

"तूच लपवलं असशील, बर्नी," ऑर्लान्डो म्हणाला. "बाबांनी गाडी चालवू नये, हे तूच म्हणतेस ना?"

"तोंडावर म्हणते. चोरून नाही. आणि तू रे? जुने पार्ट विकतो कोण? त्या साखळीवर तुझा डोळा आजचा आहे का?"

"मी बापाचं स्टिअरिंग विकीन?"

"पाटाच्या फाटकाची साखळी काय परक्याने नेली होती? आजोबांनीच ना? आपल्या रक्तातच आहे ते."

एलॉय गाडीत जाऊन बसला. ऑर्लान्डोने ते अस्सल स्टिअरिंग दांड्यावर चढवलं. परातीएवढं होतं ते. आतल्या बाजूला हॉर्नची चकचकीत कडी. नट आवळला आणि हॉर्न वाजला.

"कोणी दाबला?" ऑर्लान्डोने विचारलं.

"कोणी नाही," एलॉय म्हणाला, आणि पुन्हा वाजला.

बर्नाडेट वाकून बघायला गेली. बाबांचं पोट हॉर्नच्या कडीवर टेकलं होतं. पोट आत ओढलं की शांत, सोडलं की भोंगा.

"बाबा, श्वास सोडा!"

"सोडला की वाजतं!"

"मग सोडू नका!"

"किती वेळ?"

शेजारची कुत्री भुंकायला लागली. पलीकडल्या कोंबड्याने भर दुपारी बांग दिली. एलॉयला बाहेर यायचं होतं, पण स्टिअरिंग आणि सीट यांच्यामध्ये तो असा बसला होता की बाहेर यायला आधी हसणं थांबायला हवं होतं, आणि हसताना पोट हलायचं, आणि पोट हललं की गाव जागं व्हायचं. ऑर्लान्डो पाना घेऊन नट उलटा फिरवत होता, आणि प्रत्येक फेऱ्याला ला सुफ्रिदा किंचाळत होती.

"आजोबांनी इतकं लहान का केलं होतं ते आज कळलं," बर्नाडेट बंपरवर बसत म्हणाली. "आम्हाला वाटायचं फॅशन."

"मी तेव्हा सडपातळ होतो!" आतून आवाज आला. भोंगा वाजला.

ऑर्लान्डो तिच्या शेजारी येऊन बसला आणि दोघंही डोळे पुसत राहिली. तिच्या घटस्फोटात तो नवऱ्याच्या बाजूने बोलला होता, त्यानंतर ती दोघं एका बंपरवर बसली नव्हती. हसता हसता बर्नाडेट थांबली. बाबांनी बाहेर येताना दाराची चौकट पकडली होती. उजव्या हाताने. पाचही बोटं. इस्पितळातून घरी आल्यापासून तिने त्या हाताकडे नीट पाहिलंच नव्हतं; नर्स आपल्या वडिलांकडे पाहत नाही, त्यांच्या गोळ्यांकडे पाहते.

दुसरं स्टिअरिंग लहान होतं, लाल गुबगुबीत चामड्याचं. ते बसलं, पण त्याच्या आतले दाते दांड्याच्या दात्यांना जुळेनात. एलॉयने ते डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, गरगर दोन फेरे घातले. चाकं जागची हलली नाहीत.

"हे उत्तम आहे," बर्नाडेट म्हणाली. "हेच ठेवा. बाबांना चालवल्याचं समाधान, आणि गाडी गॅरेजात."

"बर्नी!" ऑर्लान्डो म्हणाला, पण तोही हसत होता.

एलॉय हसला नाही. तो जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पोसोलेचं, मक्याच्या रश्श्याचं वाडगं त्याने पुढे ओढलं आणि तसंच ठेवलं.

"पोरीला शब्द दिला होता," तो म्हणाला. "राखेच्या बुधवारनंतर सगळे माझ्याशी असे बोलतात की जणू मी अर्धा पुरलेला आहे. हे कापून देऊ का, ते धरू का. एक दिवस, एकच दिवस मला माझ्या नातीला माझ्या गाडीतून न्यायचं होतं." त्याने चमचा आपटला. "संध्याकाळपर्यंत वाट बघतो. मग सान आंतोनियोला पेटीतून काढतो आणि पाटात बुडवतो. कोंबडीला पीठ पुरलं, स्टिअरिंगला पाणी लागेल."

एरलिंडाच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"त्याला सोड," ती म्हणाली. "त्याने काही केलेलं नाही. मी नेलं."

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. तिने कधी दुसऱ्याच्या झाडाचं जर्दाळूही न विचारता उचललं नव्हतं.

"तू?" एलॉय म्हणाला. "तुला तो नट कसा निघेल? मला निघत नाही."

"मी नाही काढला. ओनोफ्रे भाऊजींनी काढला. चाक ओढून काढायचा पुलर लावून."

ते नाव या स्वयंपाकघरात उच्चारलं जात नसे. अबेनिसिओ गेले तेव्हा गाडी एलॉयकडे आली आणि वेल्डिंगचं वर्कशॉप धाकट्या ओनोफ्रेकडे गेलं. दोघांनाही वाटलं, दुसऱ्याला चांगलं मिळालं. तेव्हापासून भाऊ भावाशी बोललेला नव्हता. चर्चमध्ये शांतीचा हात द्यायच्या वेळी दोघं वेगवेगळ्या बाकांवरच्या अनोळखी लोकांना हात देत.

"त्याने माझ्या गाडीला हात लावला?"

"गाडीला नाही. नटाला."

"आणि ते आहे कुठे?"

एरलिंडाने एप्रन सोडला. "चल. दाखवते. फादर म्हणतात, ते अजून तुझंच आहे."

* * *

चॅपेलमध्ये एलॉयने हॅट काढली. भिंतीला तान्ह्या बाळांच्या बुटांच्या रांगा लागल्या होत्या; लोकरीचे, चामड्याचे, एक जोडी तर काउबॉयच्या बुटांची, अंगठ्याएवढी. खाली कुबड्या, कोणाची तरी कापलेली वेणी, सैन्यातल्या पोरांचे फोटो. आणि कुबड्यांच्या वर, एका मोठ्या खिळ्यावर, त्याच्या बापाचं स्टिअरिंग.

त्याला वाटलं होतं, बघताच राग येईल. उलट वाटलं की ते इथे बरं दिसतंय. हेच त्याला आवडलं नाही.

"काय बोलली होतीस?" त्याने विचारलं.

एरलिंडाने नवसाचे शब्द सांगितले. "माझ्या हातापेक्षाही जास्त" इथे तिचा आवाज इतका खाली गेला की त्याला वाकावं लागलं.

"मी तुझा हात कमी धरला?"

"मी हिशोब नाही सांगितला. नवस सांगितला." तिने स्टिअरिंगकडे बोट केलं. "तुझं आहे ते, म्हाताऱ्या. मी न विचारता बोलले, चूक झाली. पाहिजे तर काढून घे. मी वेगळं काही देईन त्याला."

एलॉय पुढे झाला आणि हात वर केला. डॉक्टर म्हणाले होते, खांद्याच्या वर जाणार नाही. हात खांद्यापाशी थांबला, आणि मग वर गेला. बोटं साखळीला लागली. वरची एक कडी अंगठ्याने घासून घासून गुळगुळीत झाली होती. अंगठा आपसूक तिथेच जाऊन बसला. आता फक्त उचलायचं.

तो तसाच उभा राहिला. या हाताने हे उचलून न्यायचं, हे कसं दिसेल? वैद्याने औषध दिलं, आणि त्याच औषधाने बरं झालेल्या हाताने वैद्याचे पैसे परत खिशात घालायचे. त्याने बाळाकडे पाहिलं. टोपी, टोपली, धुळीने माखलेले नवे बूट.

"हा रोज पायी जातो?"

"रोज."

"इतक्या लांब?"

"जिथे कोणी आजारी असेल तिथे. सांता फेच्या इस्पितळापर्यंत आला होताच ना."

"आणि याला चालवता येतं?"

"आपल्या घरात कोणाला येत होतं? तुझ्या मांडीवर बसून शिकली सगळी."

एलॉयने नाक ओढलं. मग त्याने हात खाली घेतला आणि हॅट डोक्यावर ठेवली.

"राहू दे त्याच्याकडे. पण लक्षात ठेव, हे मी दिलं. आज. तू नाही. तुझा नवस बाकी आहे."

"मग मी काय देऊ?"

"मला सोडून काहीही दे," तो म्हणाला आणि दाराकडे निघाला. उंबऱ्यात थांबून, मागे न वळता, त्याने विचारलं, "नट सरळ निघाला का? घासला तर नाही ना त्याने?"

* * *

ओनोफ्रे त्या संध्याकाळी भावाच्या अंगणात पिठाच्या पोत्यात गुंडाळलेली वस्तू काखेत धरून उभा होता. वहिनींचा फोन आला होता: भाऊजी, कळलं त्याला, या. तो आल्याचं पाहूनही एलॉय गाडीतून उतरला नाही.

"वहिनी, त्याला सांगा, बसलाच आहे तर बसूनच राहा म्हणावं. पोटाचं माप बघायचंय."

"म्हातारे, त्याला सांग, माझं माप माझ्या शिंप्याला माहीत आहे."

"वहिनी, त्याला सांगा, दुपारी ते माप सगळ्या गावाने ऐकलं."

बर्नाडेटने तोंडावर हात धरला. ओनोफ्रेने पोतं सोडलं. आत स्टिअरिंग होतं. साखळीचं, ताटलीपेक्षा थोडंसंच मोठं, अजून मुलामा न दिलेलं, लोखंडाच्या रंगाचं. बापाच्या गाडीचा नट त्याने स्वतःच्या हाताने काढला होता, आणि त्यानंतर तो उघडा दांडा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्याच दिवशी तो कामाला लागला. कोणी सांगितलं नव्हतं, आणि केलं ते कोणाला सांगायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"त्याला विचार, ही साखळी कुठली?" एलॉय म्हणाला.

"त्याला सांगा, पाटाच्या फाटकाची. राहिलेली अर्धी. बापाने वर्कशॉपच्या आढ्याला टांगून ठेवली होती."

ऑर्लान्डोने स्टिअरिंग दांड्यावर ठेवलं. दात्यांत दाते बसले. नट फिरला. एलॉयने दोन्ही हात ठेवले, एकेका कडीवरून बोटं फिरवत नेली. डावीकडे फिरवलं, पुढची चाकं खडीवर कुरकुरत डावीकडे वळली. उजवीकडे, उजवीकडे वळली. पोट आणि साखळी यांच्यामध्ये दोन बोटं जागा होती. त्याची बोटं एका जागी थांबली, मागे आली, पुन्हा थांबली. मग त्याने मान बाहेर काढून थेट ओनोफ्रेकडे पाहिलं.

"हा जोड वाकडाय."

वहिनींकडे वळायचं ओनोफ्रे विसरला. "तुझे डोळे वाकडे आहेत."

"बापाचा जोड असा नसायचा."

"बापाचा होता तुझ्याकडे. तो दिलास देवाला. आता घे माझा वाकडा."

"वर्कशॉप तुला मिळालं, त्यातनं हे निघालं?"

"आणि गाडी तुला मिळाली, तिला हॉर्न पोटाने वाजवतोस?"

एरलिंडाने हळूच क्रूसाची खूण केली आणि टॉर्टिया करायला आत गेली. मागे भांडण चांगलं पेटलं होतं. आता काळजीचं कारण नव्हतं. तिने पीठ दोन माणसांचं जास्त घेतलं. ओनोफ्रेची भूक तिला आठवत होती.

* * *

सणाच्या दिवशी सकाळी सान आंतोनियो सुटला. त्याच्या निळ्या झग्याला ग्रीसचा वास येत होता. एरलिंडाने त्याला ओल्या फडक्याने पुसलं, क्षमा मागितली, दोन मेणबत्त्या लावल्या आणि मग मन मानेना म्हणून त्याला बरोबरच घेतलं. रिकाम्या हाताने तो कोनाड्यात कसा उभा राहणार? बाळ अजून डॅशबोर्डच्या कप्प्यातच होतं. एलॉय म्हणत होता, आधी चर्चला पोचू, मग जामीन.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर," बर्नाडेट खिडकीत वाकून सांगत होती. "ताशी दहा मैलांच्या वर जायचं नाही. हाताला मुंग्या आल्या तर थांबायचं. मी मागेच आहे."

"या बाईने दहाच्या वर कधी पाय उचललाय?" एलॉयने डॅशबोर्ड थोपटला.

ठरवलेली पांढरी लांब गाडी आलीच होती, म्हणून बर्नाडेट तिच्यात बसली. अख्ख्या गाडीत एकटी, टोपीवाल्या ड्रायव्हरच्या मागे. तिच्या मागे पिकअपमध्ये ऑर्लान्डो आणि ओनोफ्रे. ओनोफ्रे खिडकीतून बाहेर डोकं काढून बघत होता. आपला जोड तुटतो की काय, ते.

ला सुफ्रिदात एलॉयच्या उजव्या बाजूला एरलिंडा, मागच्या सीटवर डेझीरे. दिसत होता तो तिचा ड्रेसच. पांढऱ्या जाळीच्या ढगातून एक नाक आणि दोन डोळे.

"आजोबा, आज मांडीवर नाही बसवणार?"

"तू बसशील गं, तुझा ड्रेस कुठे बसवू?"

एलॉयने किल्ली फिरवली. इंजिन घुमलं. मग, क्लच दाबायच्या आधी, त्याने वाकून कप्पा उघडला आणि रुमालाची गाठ सोडली. करंगळीएवढं लाकडी बाळ. रंग उडालेला, गाल मात्र अजून लाल. त्याने त्याला मांडीवर उभं केलं आणि त्याचा इवलासा हात साखळीच्या एका कडीवर टेकवला. वाकड्या जोडाच्या शेजारच्या.

"धर," तो म्हणाला. "या घरात सगळ्यांना एकदा मिळतं."

डेझीरे ढगातून हसली. एरलिंडा हसली नाही, तिला जमलं नाही. एलॉयने बाळ तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिने ते सान आंतोनियोच्या हातावरच्या खुंटीवर बसवलं. खट् असा बारीक आवाज झाला. म्हातारा संत तिच्या मांडीवर पुन्हा भरल्या हाताने बसला.

गाडी निघाली. पाटाजवळच्या वळणावर एलॉयने दोन्ही हातांनी साखळी ओढली. ओठ मिटले, मानेची शीर वर आली, आणि ला सुफ्रिदा सावकाश, मालकिणीच्या चालीने वळली. मागून पिकअपचा हॉर्न दोनदा वाजला. तो ओनोफ्रेने वाजवला, हे सगळ्यांना कळलं.

मग कॉटनवुडच्या झाडांखालचा सरळ रस्ता लागला. एलॉयने डावं मनगट साखळीवर टाकलं. तरुणपणी सगळे टाकायचे तसं. उजवा हात मोकळा झाला. तो सान आंतोनियोच्या टकलावरून पलीकडे गेला आणि एरलिंडाच्या हातावर येऊन थांबला. बोटांना पकड होती.

मागून पांढऱ्या गाडीचा भोंगा वाजला. खिडकीतून बर्नाडेट अर्धी बाहेर आली होती.

"बाबा! दोन्ही हात! दोन्ही हात म्हटलं होतं मी!"

एरलिंडाने ते ऐकलं. ती नियम मोडणारी बाई नव्हती. पण तिने हात सोडवून घेतला नाही. पुढचं वळण अजून दूर होतं.